रेडिओच्या लायसनवरची सही

परवा भाचीनं कॉम्प्युटर घेतला, तेव्हा सोबत मीही गेले होते. आतली सिस्टीम चालवायला लायसन लागतं म्हणे. एक प्रकार मशीनबरोबर येतो आणि त्याच मशीनला बांधलेला असतो, दुसरा माणसाच्या नावावर. घरगुती घेऊन धंद्याला वापरलं तर चालत नाही. दुकानदार सांगत होता आणि भाचीच्या सगळं डोक्यावरून जात होतं. मला मात्र लगेच कळलं. ही अक्कल मला एकाहत्तर सालीच आली होती, तीही उशिरा.

तेव्हा रेडिओला लायसन लागे. त्याचं पुस्तक पोस्टातून मिळायचं. आमचे हे फौजेत होते. सुट्टीवर आले तेव्हा एक ट्रान्झिस्टर आणि स्वतःच्या नावाचं घरगुती लायसन ठेवून गेले. आमचं गाव आटपाडीच्या बाजूला, सासऱ्यांची तिथे पिठाची गिरणी. लढाई सुरू झाली तसा मामंजींनी रेडिओ गिरणीत नेऊन ठेवला. बातम्यांची वेळ झाली की ते इंजिन बंद करत, आणि दळणाच्या पाट्या घेऊन आलेल्या आम्ही बायका तोंडाला पदर लावून ऐकत उभ्या राहायचो. घरी पुरुषांच्या घोळक्यात मला कुठलं ऐकायला मिळायला! म्हणून पुस्तकात ‘फक्त घरी वापरण्यासाठी’ असं छापलेलं वाचूनही मी गप्प बसले.

एक दिवस तपासनीस आला. त्यानं पुस्तक बघितलं, गिरणी बघितली आणि रेडिओ उचलून नेला.

मामंजी आणि मी तालुक्याच्या पोस्टात गेलो. साहेब म्हणाले, “धंद्याच्या जागेचं लायसन वेगळं असतं. बदलून मिळेल. ज्याच्या नावावर आहे, त्याची सही आणा.”

“आवं सायेब, त्यो तर लढाईवर हाय! त्येचीच खबर ऐकाया रेडू पायजे आमाला.”

“मग अर्ज त्यांच्याकडे पाठवा.”

मला साहेबांचा राग आला आणि त्याहून जास्त माझा. काही करता येत नव्हतं. अर्ज पाकिटात घालून पाठवला आणि रोज पोस्टमनच्या सायकलीची वाट बघत बसले. लढाई थांबल्याचं आम्हाला एसटीच्या कंडक्टरकडून कळलं.

मग अर्ज आला. सही त्यांचीच होती, खाली सवयीप्रमाणे दोन टिंबं. तारखेची जागा मात्र कोरी. सही लढाई थांबण्याआधीची की नंतरची, ते मी कागद उन्हात धरून शोधत होते. मामंजी पेढे आणायला निघाले. मी त्यांना अडवलं नाही.

चौथ्या दिवशी तार आली.

दिवसकार्य उरकल्यावर मामंजी म्हणाले, “पोरी, त्यो कागद दिऊन ये पोस्टात. त्येचा रेडू तरी घरी यील.”

अर्ज दिला की रेडिओ मिळणार होता. पण अर्ज पोस्टवाले ठेवून घेणार होते, आणि त्यानंतर यांच्या हातचं दुसरं काही येणार नव्हतं. मी दोनदा एसटीपर्यंत गेले, दोन्हीदा कागद छातीशी धरून घरी परत आले.