आईला कोण तयार करणार?

आई गेली त्या सकाळी आईचाच फोन वाजला. डॉक्टर नुकतेच मान हलवून खाली उतरले होते, पप्पा पलंगाच्या कडेला बसलेले, मी रडतेय की ओरडतेय माझं मलाच कळत नव्हतं, आणि किचनच्या ओट्यावर तिचा फोन. मी सवयीने उचलला. खालच्या मजल्यावरच्या काकू होत्या, साताऱ्याकडच्या.

"ताई, वर कोणाकडं तरी रडारड चाललीय बघा. कोणतरी गेलंय वाटतं. तुम्ही व्हा पुढं, मी पाणी तापवायला ठेवते."

"काकू, आईच गेलीय."

मग त्या म्हणाल्या, "अगं मग आता बोलवायचं कोणाला?"

काकूंना हसू नका प्लीज. आमच्याकडे घणसोलीत हे असंच होतं. कोणाकडे बाई गेली की पहिला फोन आईला. आमची बिल्डिंग गावठाणाला चिकटून, पलीकडे टॉवर. टॉवरमधल्या घरांत मोठं माणूसच नसतं ना! नवरा-बायको आणि पोरं, आणि गावाहून आणलेली सासू अचानक गेली तर कोणाला काही माहीत नाही. आंघोळ कशी घालायची, काय नेसवायचं, काहीच नाही. मग आई जायची. ती बाकी पण सगळं करायची, पोलिओ डोसच्या दिवशी पोरं गोळा करायची, सोसायटीत पाण्याची भांडणं सोडवायची. पण हे काम फक्त तीच करायची. शेवटची तयारी. कोणाच्याही घरची असो, बाईला आई तयार करणार.

आणि आता आई स्वतः हॉलमध्ये चटईवर, आणि तिला तयार करायला कोणीच नाही!

म्हणजे बायका भरपूर आल्या. काकू आल्या, गावठाणातल्या आजी आल्या, टॉवरमधल्या दोघीतिघी दारातच उभ्या. पण कोणी हात लावेना. खाली गाडी येऊन उभी राहिली, पप्पांचा भाऊ सारखा "झालं का, झालं का" विचारत होता.

काकू म्हणाल्या, "मळवट भरायचा. अहेव गेलीय बाई. माझ्या सासूचा ताईंनीच भरला होता."

आजी म्हणाल्या, "आधी पानी. नवऱ्यानं पयला तांब्या घालायचा. माज्या जावेला हिनंच तसं करवलं."

दारातली एक म्हणाली, "पण आमच्याकडे त्यांनी फक्त साधं कुंकू लावलेलं. मळवट नव्हता."

"तुमच्याकडं नसंल. तुमी टावरवाले."

"ओ आजी, टॉवरचा काय संबंध?"

बघा, मयताच्या घरात भांडण! आणि प्रत्येकीचं बरोबर होतं, कारण आई ज्या घरात जायची त्या घरच्या रीतीने करायची. मग आमच्या घरचं काय? पप्पांना विचारलं तर ते म्हणाले, ते तुझ्या आईलाच माहीत. आईला विचारायला हवं होतं, असं माझ्या डोक्यात खरंच आलं एक सेकंद.

शेवटी आजींनीच माझा हात धरला. "ए बाय, तुजी आय घरात शिरली का पयलं काय इचारायची म्हायती हाय? हिला काय आवडायचं? मंग बाकी समदं. तू सांग. तुज्या आयला काय आवडायचं?"

सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. आणि मला आठवेना! मी कपाट उघडलं. साड्या होत्या, पण त्या लग्नाबारशाला नेसायच्या, बाकी वेळ घडी मोडायची नाही. रंग? भाजी? काहीच सुचेना. मग दारामागच्या खुंटीवर तिचा गाऊन दिसला. जांभळा, फुलाफुलांचा, बगलेत उसवलेला. घरात तोच, दुकानात तोच, वर ओढणी टाकून कोणाच्याही मयताला पण तोच.

"गाऊन," मी म्हटलं. "तिला गाऊन आवडायचा."

"अगं येडी का काय तू," काकू म्हणाल्या, "अहेव बाईला गाऊनवर पाठवतात का?" आणि बोलता बोलताच त्यांना हसू आलं, मग आजींना, आणि आम्ही सगळ्या रडत रडत हसलो. आजी म्हणाल्या, "घाला गाऊन. वरनं हिरवी साडी नेसवा. आत काय हाय ते कोन बगतंय?"

मग सगळं भराभर झालं. पप्पांनी पहिला तांब्या घातला, मी खालून हात लावला. काकूंनी मळवट भरला. आईला गाऊन मी घातला, उसवलेली बगल तशीच. साडीच्या निऱ्या मला जमेनात, त्या आजींनी घातल्या.

आता सगळ्या मला सांगतात, पोरी, आईला तू बरोबर तयार केलंस. पण मला खरंच माहीत नाही हो. तिला तो गाऊन आवडायचा म्हणून ती तो घालायची? की कधी कोणाचा फोन येईल आणि उठून पळावं लागेल, साडी नेसायला वेळ नाही, म्हणून घालायची? पप्पांना विचारलं. ते म्हणाले, "मला वाटायचं तुला माहीत असेल."