पोटातला गोळा

पत्नी गेल्यानंतर महिनाभराने आमच्या सहा वर्षांच्या मुलीचं पोट दुखू लागलं. रोज दुपारी, शाळेतून आल्यावर. मी हिंग पाण्यात कालवून तिच्या बेंबीभोवती लावत असे. तिची आई तसंच करायची. शेजारच्या काकूंनी मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढली. डॉक्टरांनी तपासून पोटात काही नाही म्हणून सांगितलं.

एका दुपारी हिंग लावता लावता मी विचारलं, "नेमकं कधी सुरू होतं गं?"

"व्हॅन गंगापूर रोडवरून आपल्या गल्लीत वळली की. गोळा येतो. आई दारात नसते ना."

माझा हात थांबला.

"मलाही येतो," मी म्हणालो. "सकाळी एकाच कपाचा चहा ठेवताना. पण इथे, गळ्याशी."

तिने माझ्या गळ्याला बोट लावून पाहिलं. "आत्ता आहे?"

"आहे."

"कधी जाणार, बाबा?"

"आईची आठवण आली की येतो तो. हळूहळू कमी होईल."

तिने माझ्या गळ्यावरचं बोट काढून घेतलं. "म्हणजे आठवण पण कमी होणार?"

मी घाईने नाही म्हणालो, पण तिला ते पटलं नाही. तिने फ्रॉक खाली ओढून पोट झाकलं.

"मग राहू दे गोळा," ती म्हणाली.