इथं थंडा मिळत नाही

वालूरच्या बाजारात गिरजाबाईच्या दुकानात पहिल्यांदा गेलो, तेव्हा तिच्या हातचा मार खाता खाता वाचलो. जनावरांच्या दवाखान्यात नुकताच रुजू झालो होतो. उन्हातून फिरून घसा कोरडा पडलेला. फळीवर गोटीसोड्याच्या बाटल्या दिसल्या म्हणून म्हणालो, "मावशी, एक थंडा द्या."

तिनं हातातली बाटली फळीवर अशी आपटली की आतली गोटी खणकन वाजली. "हितं थंडा मिळत न्हाई. सोडा हाय, लेमन हाय, जिरा हाय. काय पायजे त्याचं नाव घ्या, न्हाई तर चालू लागा."

मी मुकाट्यानं लेमन मागितलं.

आमच्या परभणी जिल्ह्यात पाहुण्याला 'चहा घेता का थंडा?' असंच विचारतात. काळं, पिवळं, पांढरं, बाटलीतून फसफसत येणारं काहीही म्हणजे थंडा. काही गावांत पोरं बियरलाही थंडाच म्हणतात. माणसाचा राग उतरला की तो थंडा झाला, आणि माणूस मेला तरी थंडाच झाला. हे सगळे अर्थ गिरजाबाईच्या घरावर एकाच दुपारी कोसळले होते.

ते मला वर्षभरानं कळलं. तोवर तिचा स्वभाव पुरता पाहून झाला होता. उंच, काटक बाई. गॅस भरताना बाटल्या फुटायच्या, त्यांच्या काचांचे बारीक व्रण गालावर. भर बाजारात बायकोला लाथा घालणाऱ्या एका गड्याच्या पाठीत तिनं रिकामा क्रेट घातला होता. वर त्यालाच म्हणाली, "आता सांग घरी जाऊन, बाईनं मारलं म्हून." केलेली गोष्ट नाव घेऊन सांगावी, हा तिचा हट्टच होता.

एकदा तिची शेळी अडली. पिल्लू सोडवून मी हात धूत होतो, तेव्हा ती आपणहून बोलायला लागली.

"नणंदंचं लगीन होतं, डाक्टर. आमच्या मालकांनी आठ दिवस आधीपासून लेमन भरलं. नवरदेवाकडची पोरं म्हनली, थंडा आना. मालक क्रेट घेऊन गेले, तर हसायलेत समदे. हा थंडा व्हय? त्यान्ला बियर पायजे होती."

नवरदेवाचा चुलतभाऊ परसू. त्यानं लेमन मालकांच्या डोक्यावर ओतलं. मालकांनी त्याच्या कानफटात दिली. मांडवात हाणामारी जुंपली, खुर्च्या उडाल्या, आणि परसूनं भरलेली बाटली हलवून जवळून हाणली. ती मालकांच्या कानशिलावर फुटली. जीपमध्ये घालून परभणीला निघाले. डोकं गिरजाबाईच्या मांडीवर. वाटेत पुढं बसलेल्या पाहुण्यानं मागं हात घालून नाडी पाहिली आणि ड्रायव्हरला म्हणाला, "हळू चालव आता. थंडा झालाय."

परसूचं नाव कोणीच घेतलं नाही. लग्न लागून गेलं होतं. नणंदेचा संसार मोडेल म्हणून सासऱ्यानंच सगळ्यांची तोंडं बंद केली. गर्दीत कुणाची बाटली लागली ते दिसलं नाही, असं दोन्हीकडच्यांनी लिहून दिलं.

"माझाबी अंगठा हाय त्या कागदावर," ती म्हणाली, आणि पिल्लाला पुसत बसली.

त्यानंतरच्या उन्हाळ्यातली गोष्ट. बाजाराचा दिवस होता. मी तिच्या दुकानात बसलो होतो. शेळ्यांच्या बाजारात आरडाओरडा झाला आणि एक माणूस डोक्यातून रक्त गाळत थेट दुकानात घुसला. आजारी शेळी चांगली म्हणून गळ्यात मारली, यावरून तिघं त्याच्या मागं लागले होते. तो फळीखाली शिरला आणि वर पाहून तिथंच गारठला.

गिरजाबाई म्हणाली, "परसू."

सोड्याच्या मशीनचं लोखंडी हँडल तिनं उपसलं आणि त्याच्या खांद्यावर घातलं. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. तिनं पुन्हा हात उचलला. तेवढ्यात ते तिघं दारात आले. पुढच्यानं क्रेटमधली भरलेली बाटली उचलून हलवली.

ती गर्रकन वळली. दुसरा घाव त्या माणसाच्या मनगटावर बसला. बाटली बाहेर मातीत पडून फुटली, काचा उडाल्या, एक तिच्या दंडात रुतली.

"माझ्या बाटलीनं न्हाई!" ती ओरडली. "पुन्हा कुनी माझ्या बाटलीनं मरायचं न्हाई. या, कुनाला यायचंय!"

रक्तानं भिजलेला हात आणि वर उगारलेलं हँडल पाहून तिघं मागं सरले. बाहेर गर्दी जमली होती. आत यायला कोणी तयार नव्हतं.

परसूचा हात लोंबत होता. मी जनावरांचा माणूस, पण गाडी येईपर्यंत तो बांधणं भाग होतं. "याला कोणीतरी धरा," म्हणालो. कोणी हललं नाही. मग तीच खाली बसली. त्याचं डोकं तिनं मांडीवर घेतलं. मी हात उचलला तसा तो गुरासारखा ओरडला.

"वरड," ती दात आवळून म्हणाली. "मोठ्यानं वरड. आमच्या मालकांना तेवढाबी वकूत मिळाला न्हाई."

सेलूच्या दवाखान्यात संध्याकाळी पोलीस ठाण्याचे जमादार जबाब घ्यायला आले. मी तिचा दंड शिवून घ्यायला तिच्यासोबत गेलो होतो. परसू पलंगावर होता, पायाशी त्याची बायको.

"डोकं त्या तिघांनी फोडलं," परसू म्हणाला. "खांदा... दुकानाच्या पायरीवरून पडलो, सायेब."

गिरजाबाई दारातून आत आली. "न्हाई. मी मारलंय."

"मावशी, तो तक्रार करत नाही," जमादार समजावू लागले. "कशाला उगीच अडकता?"

"लिहा म्हनते ना! गिरजाबाई, वालूर. मशीनच्या हँडलनं मारलं." तिचा आवाज चिरकला. "माझा नवरा मेला तवा मारणाऱ्याचं नाव दोनशे मान्सांतून एकानं घेतलं न्हाई. मीबी न्हाई. आता तरी कागदावर खरं येऊ द्या."

परसूनं तोंड भिंतीकडं फिरवलं होतं. तसंच भिंतीकडं बघत तो म्हणाला, "सायेब, लिहा. हिनं मारलं. अन् तवाची बाटलीबी लिहा. ती माझी होती."

मागच्या हिवाळ्यात गिरजाबाई गेली. तोवर दोन्ही खटले सेलूच्या कोर्टात चालूच होते. एकात ती आरोपी होती, दुसऱ्यात साक्षीदार. तिनं एकही तारीख चुकवली नाही. तारखेला जाताना ती दुकान बंद करायची, धुतलेलं लुगडं नेसायची आणि कुठं निघालात म्हणून विचारलं, की सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं सांगायची, "कोर्टात. माझं नाव पुकारतेत."