मामांच्या हरकती आणि वाचनालयाची भिंत

आमच्या हिच्या मामांनी हरकत घेतली नाही, अशी गोष्ट पुण्यात अजून घडायची आहे. आमच्या लग्नात पाचवं मंगलाष्टक लांबलं म्हणून त्यांनी भर मांडवात हात वर करून भटजींना थांबवलं होतं. अंतरपाट धरणाऱ्यांचे हात भरून आले, पण मामांचं समाधान होईपर्यंत पुढची अक्षता काही पडली नाही. दवाखान्यात डॉक्टरांनी "आ करा" म्हटलं, की हे तोंड घट्ट मिटून आधी डोळ्यांनीच विचारणार, कशासाठी? हरकत घ्यायची त्यांची पद्धतही ठरलेली. उभं राहायचं, छत्री काखेत मारायची आणि क्रमांक घालून बोलायचं. "हरकत पहिली" एवढं कानावर आलं, की आमची मुलं न सांगता अभ्यासाला बसतात.

निवृत्तीनंतर घरची माणसं पुरेनात, म्हणून मामा रोज सकाळी शनिवार पेठेतल्या जुन्या वाचनालयात जाऊ लागले. दगडी इमारत, सागवानी जिना, हातभर जाडीच्या भिंती. तिथे खिडकीजवळच्या बाकावर ते आणि त्यांचे एक मित्र शेजारी शेजारी बसत. मामा पेन्सिलीने वर्तमानपत्रातल्या चुका दुरुस्त करत आणि मित्र चष्मा कपाळावर सरकवून, मागे भिंतीला डोकं टेकून चक्क झोपत. वाचनालयात झोपू नये असा नियम आहे. तो मामांना तोंडपाठ आहे. पण त्या झोपेबद्दल ते कधी अवाक्षर बोलले नाहीत, आणि हे आमच्या कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं.

गेल्या वर्षी ते मित्र वारले. त्यानंतर काही महिन्यांनी वाचनालयाच्या समितीने, म्हणजे त्यात मीही आलोच, नेमकी त्याच बाकामागची भिंत रंगवायचं ठरवलं. लहान मुलं हल्ली फिरकत नाहीत, तर वाचणारे प्राणी काढू, अशी कल्पना होती. पुस्तकाची उशी केलेली मांजर, शब्दकोशात तोंड खुपसलेलं माकड, उलटं वर्तमानपत्र धरलेलं गाढव. चित्र काढायला वारज्याची एक तरुण मुलगी येणार होती, ती सभेलाही आली होती. सभेत मामा छत्रीसकट उभे राहिले.

"हरकत पहिली. वास्तू ऐतिहासिक आहे. हरकत दुसरी. चुन्याच्या भिंतीला तुमचे रंग सोसायचे नाहीत."

"काका, डोन्ट वरी, चुन्यावर चालतात तेच कलर्स आणलेत मी," ती मुलगी म्हणाली.

"हरकत तिसरी. वाचनालयात गाढव कशाला?"

ग्रंथपालबाई रजिस्टरमधून मान वर न करता म्हणाल्या, "अहो, आपण बरीच वर्षं येताच की."

यावर मामा छत्री काखेतून काढून खाली बसले. तेव्हाच प्रकरण गंभीर आहे हे मला कळायला हवं होतं.

सोमवारी काम सुरू व्हायचं, तर मामा सकाळपासूनच मित्राच्या जागी, भिंतीला डोकं टेकून बसलेले. बसून हरकत घेण्याची ही त्यांची पहिलीच वेळ. "काका, जरा सरकता का?" "नाही." "का पण?" "हरकत चौथी," मामा म्हणाले. चौथी काही त्यांना सांगता येईना. भाचेजावई म्हणून मग मला पुढे ढकलण्यात आलं. मी आपला चेष्टेने म्हणालो, "मामा, उठा, नाहीतर ही तुम्हालाच रंगवून काढेल."

मामा थोडे पुढे वाकले. त्यांच्या डोक्यामागे भिंतीवर बशीएवढा एक तपकिरी, तेलकट डाग होता.

"त्याच्या डोक्याचं, इतक्या वर्षांचं खोबरेल आहे ते," मामा म्हणाले. "इथे त्याचं एवढंच उरलंय. तुम्ही रंग लावलात की संपलं."

मला माझ्या विनोदाची फार लाज वाटली. ती मुलगी डागाजवळ वाकली. मग तिने खिशातून खडू काढला आणि डागाच्या कडेकडेने एक गोल रेघ ओढली. "याच्या आत ब्रश नाही लावणार, काका. प्रॉमिस."

पंधरा दिवसांनी भिंत पुरी झाली. मांजर, माकड, गाढव, सगळे जागच्या जागी होते, आणि बाकावर रेलून एक गलेलठ्ठ अस्वल झोपलं होतं. त्याला कान होते, पोट होतं, पोटावर उघडं वर्तमानपत्र होतं. तोंडाच्या जागी मात्र तो डाग होता, जसाच्या तसा. मामा आले, समोर उभे राहिले आणि त्यांनी छत्री काखेत मारली. समितीने श्वास रोखला.

"हरकत पहिली. चष्मा राहिला. कपाळावर हवा."

मुलीने ब्रश उचलला आणि खडूच्या रेघेबाहेर, दोन कानांच्या मधोमध चष्मा काढून दिला. मामांनी तो नीट तपासला.

"आणि दुसरी हरकत, काका?" तिने हसत, जरा मोठ्यानेच विचारलं.

मामा अस्वलाशेजारच्या आपल्या जागेवर जाऊन बसले, वर्तमानपत्र उघडलं, पेन्सिल काढली.

"हळू बोला," ते म्हणाले. "झोपलाय तो."

त्या दिवशी दुपारपर्यंत दालनात कुणी मोठ्याने बोललं नाही.