चौघींची अडचण

माझी आजी मेलेल्या बायकांना न्हाऊ घालायची. तिच्या श्रद्धांजलीच्या फ्लेक्सवर याला ‘समाजसेवा’ म्हटलं होतं. ती जिवंत होती तेव्हा आमच्या घरात या कामाचं नाव काढायचीही चोरी होती.

नाशकात मखमलाबादच्या अंगाला आमचा मळा होता. मेथी, कोथिंबीर, शेवंती. आजी पहाटे माल बाजारात पोचवून यायची, आणि कुणाच्या घरून निरोप आला की परातीतलं पीठ तसंच टाकून निघायची. भाऊबंदातली बाई असो की सुरगाण्याहून मजुरीला आलेली, तिला सगळ्या सारख्याच. अशा एका मजूर बाईला तिने स्वतःचं कोरं लुगडं नेसवलं आणि ती दिवाळी जुन्यावर काढली. घरात त्यावरून महिनाभर धुसफूस चालली होती.

तिची रीत ठरलेली होती. आधी बायकांना चारी बाजूंनी लुगडी धरून उभं करायचं. त्या आडोशाच्या आत पुरुषाला मज्जाव, मग तो मेलेल्या बाईचा पोटचा मुलगा का असेना. बाळंतीण बाळासाठी बघते तसं पाणी मनगटावर घेऊन बघायची आणि बोलत बोलत अंघोळ घालायची, “आता पाठीवर घेते हं बाई.” मी लहान असताना एकदा विचारलं होतं, मेलेल्या बाईला काय कळतं? आजी म्हणाली, “तिला नसंल कळत. आपल्याला कळतं ना? बाईची लाज हाय ती. मेल्यावर ती राखायला तिचे हात नाय चालत, म्हणून आपले लावायचे.”

दर चैत्रात ती वणीच्या गडावर जायची. देवीवर तिची श्रद्धा होती, पण तिचं देवाधर्माचं गणित सरळ होतं. “देवीला न्हाऊ घालायला मला कोण उभं करतंय? मंग ह्या बायांनाच घालते. एकच हाय.”

लोक तिला मान द्यायचे, पण लांबून. मढ्याला लागलेला हात हळदीला नको, असं तोंडावर कुणी म्हणत नसे. माझ्या लग्नात आजोबा हयात होते, म्हणजे आजी सवाष्ण होती, घरातली सगळ्यांत मोठी. पहिली हळद तिचीच. ती वाटीपाशी आली तशी माझी आई म्हणाली, “आत्याबाई, तुमचे गुडघे दुखतात, तुम्ही बसा.” त्याच महिन्यात ती गडाच्या पायऱ्या चढून आली होती. ती मागच्या अंगणात जाऊन कोथिंबीर निवडत बसली. मी काही बोलले नाही. पाटावरच्या नवरीने बोलायचं नसतं, ही सबब मला पुढे बरीच वर्षं पुरली.

पुढे मळ्याचे प्लॉट पडले, आजोबा गेले आणि सगळं घर एका बिल्डिंगमध्ये शेजारशेजारच्या फ्लॅटमध्ये आलं. आजीबरोबर लुगडी धरणाऱ्या बायका एकेक करून संपल्या. नवीन कुणी शिकलं नाही, शिकायचं कुणाला होतं? जाण्याच्या वर्षभर आधी तिने मला जवळ बसवलं. “माझ्या वक्ताला तू उभी राह्य. बाकीच्या भित्यात.” मी हो म्हटलं. हो म्हणायला काय जातं?

ती दवाखान्यातच वारली. शववाहिकेतून तिला खाली पार्किंगमध्ये आणलं. काकांनी वर येऊन सांगितलं, पाणी तापलंय, बायकांनी खाली या. वहिनी म्हणाली, तिची अडचण आहे, महिन्याची. तिचं खरं असेल. मग काकू म्हणाली, तिचीही अडचण आहे. काकू साठीला टेकलेली. माझ्या आईची तर पिशवी काढून दहा वर्षं झाली होती, तीही मान खाली घालून म्हणाली, “माझीही.” कुणी हसलं नाही. मग सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

मी भ्याले. यापलीकडे माझ्याकडे कारण नाही. आजीचं तोंड उघडं राहिलं होतं, नाकात कापूस होता, आणि त्या अंगाला मला हात लावायचा होता. मी म्हटलं, “माझीसुद्धा.”

आम्ही चौघी गॅलरीत उभ्या राहून खाली बघत होतो. शववाहिकेवरच्या दोघा माणसांनी हातमोजे चढवले. त्यातल्या वयस्कर माणसाने काकांना विचारलं, “घरात कुणी बाईमाणूस नाही का?”

“नाही,” काका म्हणाले.

त्या माणसाने वर गॅलरीकडे बघितलं. त्याने आपल्या सोबत्याला तोंड फिरवून उभं राहायला सांगितलं आणि स्वतः जमेल तेवढं दुसरीकडे बघत तिच्या अंगावर पाणी ओतलं. त्याला जे सुचलं ते आम्हाला सुचलं नाही. आडोसा धरायला लुगडं लागतं, आणि लुगडं धरायला तर कुठलीच अडचण आड येत नाही.

तेराव्याला समाजाच्या हॉलमध्ये सभा झाली. ज्यांनी तिला कधी हळदीकुंकवाला बोलावलं नव्हतं, ते माईकवरून तिला माउली म्हणत होते. घरच्यांच्या वतीने मी बोलले. चांगलं बोलले, लोकांनी डोळे पुसले. स्वतःचा मला इतका राग क्वचितच आला असेल, तरी मी भाषण पूर्ण केलं.

सभा संपल्यावर एक बाई गर्दीतून वाट काढत माझ्यापाशी आली. पन्नाशी उलटलेली, मनमाडहून एवढ्यासाठी आलेली. तिच्या लहानपणी तिचे आईवडील आमच्याच शिवारात मजुरीला असायचे. म्हणाली, “माझ्या आईला तुमच्या आजीनं न्हाऊ घातलं. मी दहा वर्षांची होते. पोरी, रडू नको, तुझ्या आईला मी नीट पाठवते, असं म्हणाल्या होत्या मला.” मग तिने विचारलं, “त्यांना कुणी घातलं हो?”

“मी,” मी म्हणाले.

ती वाकली आणि माझ्या पाया पडली. माझ्याहून दहा वर्षांनी तरी मोठी असेल. मी पाय मागे घेतले नाहीत.