सोळा बिटचं गाऱ्हाणं

अशा गोष्टींवर माझा विश्वास नव्हता, हे आधीच सांगतो. ठाण्यात खोपटच्या एका स्थानिक दैनिकात मी तेव्हा उपसंपादक होतो. ‘विहिरीतून हाक ऐकू आली’ छापाच्या बातम्या महिन्यातून एखाद-दोन येत. कोणी ऐकली, किती वाजता, शेजारी कोण होतं, एवढं विचारलं की बातमी आपोआप गळून पडायची. पुढचा प्रकार १९९७ सालचा. हेच तीन प्रश्न मी त्यालाही लावले आहेत. तो गळून पडत नाही, म्हणून लिहितो आहे.

आम्ही ठाकुर्लीला राहत होतो. मी, पत्नी वैशाली आणि वडील. मूळ गाव मालवणकडे, पण गावचं घर चुलत्यांकडे गेल्यापासून आमचा गणपती ठाकुर्लीलाच बसे. आरती झाली की बाबा गाऱ्हाणं घालत. आमच्याकडची ही जुनी रीत आहे : घरातला जाणता माणूस देवापुढे उभा राहून मोठ्याने एकेक मागणं मागतो आणि प्रत्येक मागण्याला जमलेले सगळे ‘व्हय म्हाराजा’ म्हणून ओ देतात. बाबांचे दोन नियम होते. ओ आल्याशिवाय पुढचं मागणं नाही. कोणीच ओ दिली नाही तर ते थांबून राहत. आणि गाऱ्हाणं घालणाऱ्याने स्वतःसाठी काही मागायचं नाही. मी लहानपणापासून मागे उभा असे, पण तोंड उघडत नसे. मला ते अवघड वाटे.

त्या वर्षी चैत्रात बाबांच्या घशात गाठ निघाली. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की स्वरयंत्र काढावं लागेल. माणूस वाचेल, आवाज जाईल. बाबांनी ऑपरेशनला नकार दिला.

“गाऱ्हाणा कोण घालतलो? तू?”

दोन दिवसांनी मी म्हटलं, “बाबा, तुमचं गाऱ्हाणं रेकॉर्ड करू. घरी कॉम्प्युटर आहे. गणपतीत तेच लावू.”

त्यांनी विचार केला. “माझोच आवाज येतलो?”

“तुमचाच.”

“मगे आधी माका ऐकव. पसंत पडलो, तर कापूक देतंय.”

आमच्या कॉम्प्युटरला आवाजाची सोयच नव्हती, म्हणजे ऑपरेशन आता साउंड कार्ड आणि स्पीकरवर अडलं होतं. कॅसेट का नाही, असं कोणी विचारेल. गेल्या गणपतीची एक कॅसेट घरात होती, पण टेपने ती गिळली होती. बाबांचा टेपवरचा विश्वास उडाला होता.

शनिवारी त्यांना घेऊन नौपाड्यातल्या एका दुकानात गेलो. माझं बजेट बेताचं होतं. दुकानदाराने काउंटरवर दोन कार्डं ठेवली, एक आठ बिटचं, दुसरं सोळा बिटचं. दोन्ही बिननावाची; जितके बिट जास्त, तितका आवाज हुबेहूब.

“साहेब, गेम खेळायला पाहिजे की गाणी ऐकायला?”

“माणसाचा आवाज ऐकायला.”

“मग आठवालं घ्या ना! टेलिफोनमध्ये आवाज येतो ना नीट? तेवढंच असतं.”

“टेलिफोनवरून देवाशी कोण बोलता?” बाबा मागून म्हणाले. सोळा बिटचं घेतलं.

मग स्पीकर. दुकानदाराने मोठ्या डब्यांची जोडी पुढे सरकवली. “हे बघा काका, दोनशे चाळीस वॉट!”

“आमच्या घरातलो बल्ब साठचो,” बाबा म्हणाले, “तो खय बोंबलता?”

दुकानदार हसला आणि त्याने माइक जोडून दिला. बाबांनी माइकमध्ये प्रत्येक जोडीवर तेच तीन शब्द म्हटले : बा देवा म्हाराजा. दोनशे चाळीस वॉटवर आवाज पिंपातून आल्यासारखा होता. दुसरी जोडी शिट्टी घालत होती. तिसरी सगळ्यांत स्वस्त, राखाडी, वीतभर उंचीची होती. तिच्यातून आलेला आवाज ऐकून बाबांनी स्पीकरवर बोट ठेवलं.

“ह्यो मी,” ते म्हणाले. “चल, दे पैसे.”

रेकॉर्डिंग मे महिन्यात, रविवारी सकाळी केलं. उकाड्यामुळे पंखा चालू ठेवावा लागला, त्याची घरघर रेकॉर्डिंगमध्ये आली आहे. आवाज स्वच्छ यावा म्हणून मी वैशालीला गप्प राहायला सांगितलं. मीही गप्प होतो. बाबा नऊ मागणी मागून गेले. सवयीने प्रत्येक मागण्यानंतर थांबले, ओ आली नाही, पुढे गेले. फाइल चार मिनिटं दहा सेकंदांची झाली. त्यातल्या नऊ विरामांपैकी एकही तीन सेकंदांहून मोठा नाही. मी मोजले आहेत.

जूनमध्ये ऑपरेशन झालं. बाबा पाटीवर लिहून बोलू लागले. चतुर्थीपर्यंत ती फाइल मी पाच-सहा वेळा वाजवून पाहिली. दर वेळी ती सुरुवातीपासून शेवटपर्यंत सरळ वाजली.

चतुर्थीला दुपारी सव्वाबारा वाजता आरती संपली. खोलीत आम्ही धरून चौदा जण होतो. समई होती म्हणून पंखा बंद होता. बाबा खुर्चीत, गळ्याला पंचा गुंडाळलेला. मी कॉम्प्युटरपाशी बसून फाइल सुरू केली.

“बा देवा म्हाराजा… आज ह्या लेकरांनी तुझी जी काय सेवा केली, ती गोड मानून घे म्हाराजा…”

कोणीच ओ दिली नाही. डब्याला ओ काय द्यायची, असं वाटलं असेल. तीन सेकंद गेले. दहा गेले. आवाज पुढे जाईना. मी स्क्रीनकडे पाहिलं. सेकंदांचा आकडा थांबला होता. फाइल अडकली, एवढंच वाटलं. पण कार्ड अडकलं की आवाज अडखळतो किंवा पार बंद होतो. इथे स्पीकरमधून मे महिन्यातल्या पंख्याची घरघर चालूच होती…

“व्हय म्हाराजा,” वैशाली हळूच म्हणाली.

आकडा सरकला. दुसरं मागणं सुरू झालं.

पुढच्या वेळीही तेच. ओ येईपर्यंत आवाज थांबला, ओ आली की पुढे गेला. चौथ्या मागण्यापर्यंत लोकांच्या ते लक्षात आलं आणि ओ खणखणीत येऊ लागली. कोणी घाबरलेलं दिसलं नाही. मी ओ देत नव्हतो. मी आकडा बघत होतो.

नवव्या मागण्याला तेरा जणांनी… नाही, बाबा आणि मी सोडून बारा जणांनी ओ दिली. आवाज थांबलेलाच.

“अरे, सगल्यांनी दिली ना?” शेजारच्या म्हात्रेकाकू म्हणाल्या. “आता कुणासाठी थांबलाय?” मग त्या माझ्याकडे वळल्या. “तू दिलीस का रे?”

बाबाही माझ्याकडेच बघत होते.

“व्हय म्हाराजा,” मी म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा.

आकडा चार-दहावर जाऊन थांबला. फाइल संपली. पंख्याची घरघर मात्र संपली नाही. स्पीकरमध्ये कोणीतरी श्वास घेतला आणि बाबांच्या आवाजात दहावं मागणं आलं :

“आणि म्हाराजा… जो आता तुझ्याम्होरं उभो ऱ्हवान मागूक शकत नाय, त्याका…”

वाक्य तिथेच तुटलं. बाबा खुर्चीत ताठ बसले होते, ओठ घट्ट मिटलेले. त्यांनी पाटी उचलली, भराभर काहीतरी लिहिलं आणि माझ्यासमोर धरली : ‘ह्या कधी रेकॉर्ड केलंस?’

मी मान हलवली. केलं नव्हतं.

घरघर चालू होती आणि वाक्य अर्धं होतं. स्वतःसाठी ते मागणार नाहीत, हे मला ठाऊक होतं. मी उठलो, मूर्तीपुढे गेलो, हात जोडले. माझी मालवणी मोडकी आहे.

“त्याका… सुखात ठेव म्हाराजा.”

“व्हय म्हाराजा!” सगळे एकदम म्हणाले.

ती ओ विरल्यावर, एका क्षणाने, राखाडी स्पीकरमधून बाबांचा आवाज आला. शांत, स्पष्ट.

“व्हय म्हाराजा.”

मग घरघर थांबली. घड्याळात बारा पंचवीस झाले होते.

त्या आठवड्यात मी त्या खोलीतल्या अकरा जणांना वेगवेगळं गाठून विचारलं. शब्दांत थोडा फरक पडला, क्रमात नाही. फाइल आजही माझ्याकडे आहे : चार मिनिटं दहा सेकंद, नऊ मागणी, शेवटी पंखा. ती पुन्हा कधी थांबली नाही. कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्याला कार्ड दाखवलं, त्याला दोष सापडला नाही. बाबा पुढे सहा वर्षं जगले. गाऱ्हाणं मी घालू लागलो आणि ते खुर्चीत बसून नुसते ओठ हलवून ओ देत.

दहावं मागणं सर्वांना झालेला भास म्हणून सोडून देता येईल. मी तसा प्रयत्न केला आहे. शेवटचे दोन शब्द मात्र सोडता येत नाहीत. गाऱ्हाणं घालणारा ओ देत नसतो, ओ इतरांनी द्यायची. त्यामुळे ‘व्हय म्हाराजा’ हे शब्द बाबांच्या आवाजात त्या फाइलमध्ये नाहीत. त्या गिळलेल्या कॅसेटमध्येही नव्हते. ते मी त्याआधी त्यांच्या तोंडून एकदाही ऐकले नव्हते… आणि त्या दिवशी त्यांच्या गळ्यात ते म्हणायला काही उरलं नव्हतं.