बोगद्यातले आठ सांधे

वहिनींचा फोन सकाळी सव्वासातला आला. "भाऊजी, लगेच या. हे उठत नाहीयेत..." एवढंच. सिडकोत त्यांच्या घरी पोहोचेपर्यंत डॉक्टर येऊन गेले होते. विलास झोपेतच गेला होता. त्याला आता सहा आठवडे झाले. त्याच्याबद्दल लिहायला बसलो की दर वेळी एकाच जागी अडतो, म्हणून आज तीच जागा लिहितो आहे.

विलास माझा शाळेपासूनचा मित्र. सातपूरच्या एका कारखान्यात फिटर होता. त्याने कानस मारलेला तुकडा पुन्हा मापावा लागत नाही, असं तिथले लोक सांगत. पन्नाशीतच कारखान्याने घरी बसवलं, तेव्हा त्याने गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत प्लायवुड टाकलं आणि त्यावर कसारा घाट बांधायला घेतला. तळहाताएवढं इंजिन, त्याला साजेसे रूळ, पूल, बोगदे... सगळं मापात. दर रविवारी मी मदतीला जायचो. डोंगरासाठी कागदाचा लगदा कसा करायचा, हे तो हरसूलकडे बोहाड्याच्या सोंगांचे मुखवटे करणाऱ्या एका म्हाताऱ्याकडून शिकून आला होता. लगद्यात मेथीची पूड घालायची, म्हणजे कीड लागत नाही. झाडं द्राक्षाच्या छाटणीतल्या काड्यांची, माती वाळवलेल्या चहाच्या चोथ्याची. वहिनी जिन्यातून ओरडायच्या, "पन्नाशी उलटली तरी दोघांचं आगगाडी-आगगाडी चालूच!" हा वरून म्हणायचा, "अजून दोन कप टाक गं, इगतपुरीला माती कमी पडतेय."

डोंगर, झाडं आणि तारांना सोल्डरचे डाग देणं त्याच्याकडे, रूळ ठोकणं माझ्याकडे. त्याचा एक नियम होता. दोन रुळांच्या सांध्यात जुनं पोस्टकार्ड धरायचं, रूळ ठोकायचा, मग कार्ड ओढून काढायचं. उरते तेवढी फट उन्हाळ्यात रुळाला पसरायला लागते. मोठ्या बोगद्यातले शेवटचे आठ सांधे मी पोस्टकार्डाशिवाय ठोकले. मला एका साखरपुड्याला जायचं होतं, कार्ड मऊ पडून दुमडत होतं, आणि आत अंधारात कोण बघणार, असं वाटलं. रूळ एकमेकांना घट्ट भिडवले. दिसायलाही छान दिसले. पुढच्या आठवड्यात विलासने त्यावर डोंगर चढवला.

एप्रिलमध्ये पत्रा तापला आणि गाडी बोगद्यात रुळावरून घसरू लागली. रोज, तिथेच. मला पहिल्याच दिवशी कळलं. विलासने बोगद्याच्या तोंडाशी स्वतः दिलेला डाग काढून पुन्हा दिला, चाकं घासली, डब्यांची वजनं करून पाहिली. शेवटी मी म्हणालो, "डोंगर फोडून आत बघू या का?" माझं धाडस तेवढंच.

"आतलं तू केलंयस. तिथे काय बघायचंय?" तो म्हणाला. मग उजवा हात समोर धरून बघत राहिला. "माझाच हात गेला रे..."

हात किंचित थरथरत होता, या वयात कुणाचाही थरथरेल तेवढाच. त्यानंतर त्याचं वर जाणं कमी झालं, पुढे थांबलंच. मी रविवारी जायचो आणि आम्ही खाली टीव्ही बघत बसायचो. आज सांगायचंच, असं ठरवून वर्षभर जात राहिलो. एकदा तोंड उघडलंही, तर तो म्हणाला, "तू येतोस ते बरं वाटतं." मग नाहीच सांगितलं.

गेल्या रविवारी वहिनी म्हणाल्या, "वरच्या पसाऱ्याचं काय करायचं ते तुम्हीच बघा." मी करवतीने डोंगर कापला. आत रूळ खिळ्यांसकट उचलले जाऊन वाकडे झाले होते. वहिनी दारात उभ्या होत्या. मी त्यांना सगळं सांगितलं, पोस्टकार्डापासून.

त्यांनी आत येऊन वाकलेल्या रुळाला बोट लावून पाहिलं. "म्हणजे हात चांगले होते यांचे?"

मी मान डोलावली.

"स्कूटर मी विकायला लावली, भाऊजी. दाढीसुद्धा घरी करू दिली नाही..."

खाली आल्यावर त्यांनी कपाट उघडलं. विलासचे सगळे शर्ट घड्या करून ठेवलेले होते. बोटांना त्रास नको म्हणून वर्षभरात त्यांनी एकेका शर्टाची बटणं कापून टिचबटणं लावली होती. तो तेच शर्ट घालत होता. वहिनी पलंगावर बसल्या, एक शर्ट मांडीवर घेतला आणि कात्रीच्या टोकाने वरचं टिचबटण उसवू लागल्या. मग दुसरं, तिसरं. काढलेली पांढरी बटणं एका डबीत होती. मी सुईत दोरा ओवला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही... फक्त सुईसाठी हात पुढे केला.